नाव ठेवण्याआधी

दिल्लीत जानेवारीची सकाळ उजाडायला घाई करत नाही. धुके इतके खाली उतरलेले असते की समोरच्या इमारतीचे मजले मोजता येत नाहीत. गल्लीतून चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. दूरचे दिसत नाही अशा वेळी जवळचे पाहायला बसावे. मी अशा सकाळी एक शंख घेऊन बसते.

आज तुम्हीही बसा. पूजेचा शंख नको. त्याच्याभोवती आपला भाव आधीच जमलेला असतो. अलिबाग, गुहागर, मालवण अशा कुठल्याशा सुट्टीत मुलांनी खिशात भरून आणलेला, मग पेन्सिलींच्या डब्यात पडून राहिलेला एखादा साधा शंख घरात असतोच. तो शोधा. नाहीच सापडला तर आजीच्या डब्यातली कवडी चालेल. तुळजापूरच्या आराधी गळ्यात घालतात त्या माळेतली प्रत्येक कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचे घर आहे. माझ्या हातात आहे तो बोटभर लांब, निमुळता, मळसूत्रासारखे वेढे घेत गेलेला शंख. शास्त्रात या घराण्याला टरिटेला म्हणतात.

तो तळहातावर ठेवा. लगेच काही ठरवू नका. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. दोन्हींत एकच चूक होऊ शकते: नीट पाहण्याआधी बोलून टाकणे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री गोगलगायींचे वर्गीकरण करणारी माणसे नाव ठेवण्याआधी काय काय करतात, ते त्यांच्या मागोमाग, सावकाश, आपण करून पाहू.

कसे धरले

शंख उभा धरा. टोक वर, तोंड तुमच्याकडे. तोंड कोणत्या बाजूला उघडते? बहुधा उजवीकडे. आता हात फिरवून तोच शंख उलटा करा, टोक खाली. तोंड डावीकडे आले.

इथे थोडे थांबा. शंख बदलला नाही. तुम्ही धरला कसा, एवढेच बदलले.

आपल्या देवघराच्या परंपरेत शंख टोक खाली आणि पन्हळ वर असा धरतात. त्यामुळे नेहमी मिळतो तो वामावर्ती आणि लाखांत एखादा सापडतो तो दक्षिणावर्ती. प्राणिशास्त्रात टोक वर धरतात, म्हणून आपला दुर्मीळ दक्षिणावर्ती त्यांच्या पुस्तकात डावा ठरतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, दोघांनीही काळजीपूर्वक पाहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक फ्रेंच ग्रंथांतही शंखांची चित्रे टोक खाली करून छापलेली आहेत. ती पाहताना पुस्तक फिरवावे लागते, नाहीतर डोळा फसतो.

विदर्भात बेसाल्टच्या दोन थरांच्या मध्ये जो गाळाचा पातळ थर सापडतो, त्यात एक छोटा, फुगीर शंख मिळतो. १८४० मध्ये सॉवर्बी यांनी त्याला फायझा प्रिन्सेपी असे नाव दिले. टोक वर धरले तरी त्याचे तोंड डावीकडेच उघडते, कारण त्याचे सगळे कूळच डावे आहे. तो समुद्रातला नाही. लाव्हाच्या दोन लोटांमधल्या शांततेत साचलेल्या तळ्यांतला आहे. दगडात शंख दिसला की ‘इथे समुद्र होता’ असे आपण पटकन म्हणतो. नागपूरला राहून हे शंख गोळा करणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात दिलेल्या निबंधात नागपूरकडचे गोड्या पाण्यातले शंख आणि राजमहेंद्रीकडचे खारट पाण्यातले शंख यांचा वेगवेगळा विचार केला. दोन्हीकडे काळा दगड तोच, पाणी मात्र वेगळे. हा फरक दगडाने सांगितला नाही, शंखांनी सांगितला. आणि शंख नीट हातात धरले गेले म्हणून सांगितला.

पहिली पायरी एवढीच. उजवे-डावे म्हणण्याआधी आपण कसे धरले आहे ते स्वतःशी म्हणायचे.

टोकापासून तोंडापर्यंत

आता डोळा टोकावर आणा. अगदी टोकावर, सुईच्या अग्राएवढ्या जागी, या जिवाचे बालपण आहे. अंड्यातून बाहेर आला तेव्हाचा त्याचा पहिला शंख तिथे अजून आहे. गोगलगाय साप-खेकड्यांसारखी कात टाकत नाही. ती तोंडाच्या ओठाशी नवी किनार जोडत जाते आणि जुने सगळे तसेच ठेवते. म्हणून शंखात सगळी वये एकाच वेळी उभी असतात: टोकाला बाळपण, मध्यावर तारुण्य, तोंडाशी शेवटचा दिवस.

वर्गीकरण करणाऱ्याला या टोकाचे फार मोल असते. बालशंखाला पुष्कळ बारीक वेढे असतील तर ते पिल्लू पाण्यात तरंगत, खात, दूरवर गेले असावे. वेढे थोडे आणि ठसठशीत असतील तर अंड्यातच पुरेशी शिदोरी घेऊन ते जन्मगावाजवळच राहिले असावे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका पिल्लाचा प्रवास असा मिलिमीटरहून लहान जागेत वाचता येतो.

तुमच्या शंखाचे टोक शाबूत आहे का? माझ्या टरिटेलाचे मोडले आहे. बहुतेकांचे मोडतेच. जे सर्वांत जास्त सांगू शकते तेच सर्वांत नाजूक असते. म्हणून शाबूत टोकाचा एक जीवाश्म मिळावा यासाठी अभ्यासक पोतेभर दगड चाळतात, चिकणमाती भिजवून चाळणीत धुतात, आणि चाळणीत उरलेले कण ओल्या ब्रशच्या टोकाने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

आता वेढ्यांवरून खाली या. नखाने हलकेच फिरा. प्रत्येक दोन वेढ्यांच्या मध्ये एक शिवण आहे. शिवणीला समांतर, वेढ्याबरोबर गोल फिरणाऱ्या उंच कडा आहेत. मोजा. माझ्या शंखावर शेवटच्या वेढ्यात दोन ठळक कडा आहेत आणि त्यांच्यामध्ये कितीतरी बारीक. पण मोजणे पुरेसे नाही. वरच्या, लहानपणीच्या वेढ्यांकडे परत जा: या कडांपैकी आधी कोणती उगवली? मधली? खालची? की दोन्ही एकदम?

न्यूझीलंडचे जीवाश्मशास्त्रज्ञ मारविक यांनी १९५७ मध्ये टरिटेलाच्या सगळ्या घराण्याची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्यांनी हेच विचारले. पूर्ण वाढलेले दोन शंख हुबेहूब दिसू शकतात. वाळूत अर्धे रुतून पाण्यातले अन्नकण गाळून खायचे असतील तर लांब निमुळते घर सोयीचे पडते, आणि एकाच सोयीकडे वेगवेगळी कुळे जाऊन पोहोचतात. म्हणून त्यांनी प्रत्येक मुख्य कडेला अक्षर दिले आणि कोणती कड लहानपणी कोणत्या क्रमाने आली याची नोंद ठेवली. आजचा चेहरा सारखा असूनही बालपण वेगळे असेल तर कूळ वेगळे असण्याची शक्यता तपासायची.

आणखी एक रेघ शोधा. शंख खिडकीकडे तिरका धरला, की कडांना आडव्या छेदणाऱ्या अगदी फिकट वाढरेषा दिसतात. प्रत्येक रेषा म्हणजे एकेकाळचा ओठ. टरिटेलात ती सरळ जात नाही, वेढ्याच्या मध्यावर आत वळते. हे वळण किती खोल आहे आणि कुठे आहे, यावरून प्रजाती ओळखायला मदत होते. नुसत्या सपाट प्रकाशात हे वळण दिसत नाही. प्रकाश बाजूने यावा लागतो. धुक्यातून येणारा हा सकाळचा मंद उजेड त्याला पुरतो.

एखाद्या वेढ्यावर तुम्हाला गोल, कडेला उतरते असलेले भोक दिसेल, जणू कुणी बारीक गिरमिटाने पाडले. ते दुसऱ्या गोगलगायीचे काम आहे. नॅटिका कुळातल्या शिकारी गोगलगायी भक्ष्याला पायात गुंडाळतात, कवच झिजवून असे भोक पाडतात आणि आतले मांस खातात. असे भोक जीवाश्मांवरही तसेच राहते. घडायला लाखो वर्षे लागलेल्या दगडात एका जिवाच्या शेवटच्या काही तासांचा हा ठसा आहे. त्यावर बोट ठेवा आणि क्षणभर तसेच राहू द्या.

दगड झाल्यावर

हातातला शंख ताजा आहे. आता तो दगड झाला आहे असे समजा.

दिल्लीत राहणाऱ्याला समुद्र आठवायला घराबाहेरचा दगड मदत करत नाही. दिल्लीच्या रिज या टेकडीवरचा खडक क्वार्ट्झाइट आहे, अरवलीच्या उत्तरेकडच्या शेपटीचा. तो घडला तेव्हा पृथ्वीवर शंख धारण करणारा प्राणीच नव्हता. बाकी सगळा यमुनेचा गाळ. इथे कितीही खणले तरी टरिटेला मिळायचा नाही. पण रात्रीच्या गाडीने कालक्याला उतरून शिमल्याच्या छोट्या गाडीत बसले, तर सोलनच्या अलीकडे डोंगरांत कसौली, डगशई, सुबाथू ही छावण्यांची गावे लागतात. या तिन्ही गावांची नावे खडकांच्या तीन थरांना दिलेली आहेत. सर्वांत खालचा सुबाथू थर समुद्राचा आहे, सुमारे साडेपाच ते चार कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शिंपले आहेत, नाण्यांसारखे, न्युम्युलाइट नावाचे जीवाश्म आहेत आणि टरिटेला आहेत. वरचे डगशई आणि कसौली हे थर नद्यांनी आणलेल्या गाळाचे आहेत. म्हणजे सुबाथूचे शंख हे हिमालय उभा राहण्याआधीच्या तिथल्या शेवटच्या समुद्राचे रहिवासी. त्यांतल्या एका टरिटेलाच्या शास्त्रीय नावात सुबाथू गाव आजही आहे.

तिथून आणलेला नमुना हातातल्या शंखाइतका बोलका नसतो. समुद्री गोगलगायीचे घर ॲरागोनाइट या चुनखडी खनिजाचे असते आणि ते पाण्यात लवकर विरघळते. पण त्याआधी घरात गाळ भरून घट्ट झाला असेल तर आतला भराव आकार धरून राहतो. करंजीची पारी विरून जावी आणि सारण तेवढे करंजीच्या आकारात उरावे, तसे. सारण पाहून करंजी होती हे कळते. पण तिच्या कडेला मुरड कशी घातली होती, कुणाच्या हाताची होती, हे कळत नाही. शंखाच्या बाहेरच्या कडा, वाढरेषा, बालशंख सगळे गेलेले असते. अशा भरावाला नाव देण्याचा मोह होतो, आणि जुन्या ग्रंथांत तशी पुष्कळ नावे दिलेली आहेत. आज ती नावे कुणालाच नक्की वापरता येत नाहीत, कारण ज्याच्यावर ती ठेवली त्याच्याकडे सांगण्यासारखे उरलेलेच नाही.

जिथे कवच शाबूत आहे तिथेही जीवाश्माचे डाग आणि रंग डोळ्याला फसवतात. एका जागी काळपट, एका जागी तांबूस. कड कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक जुनी युक्ती आहे. काचेच्या नळीत नवसागर तापवतात. आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा तोच नवसागर. पांढरा धूर उठायचा, नाकात झणझणायचे, आणि कापडाच्या एका फेरीत पातेले चंदेरी व्हायचे. इथे तो पांढरा धूर जीवाश्मावर सोडतात. दगडावर हिमासारखा अगदी पातळ थर बसतो. सगळे रंग झाकले जातात, उरतो फक्त उंच-सखलपणा. मग बाजूने दिवा लावला की कड न् कड, रेष न् रेष उठून येते. फोटो झाला की पाण्याने हा थर धुऊन जातो आणि नमुना पुन्हा आपल्या डागांसह परत येतो.

डोळे मिटा आणि हे एकदा मनात करा. हातातल्या शंखाचे रंग, त्याच्याशी जोडलेली सुट्टी, तो कुणी दिला ती आठवण, सगळ्यावर पांढरा थर बसू द्या. फक्त आकार पाहा. मग थर धुऊन टाका आणि आठवण परत येऊ द्या. दोन्ही पाहण्या खऱ्या आहेत. फक्त त्या एकाच वेळी करायच्या नाहीत.

पहिला साक्षीदार

आता नावाकडे येऊ.

प्राण्याच्या शास्त्रीय नावाचा आधार वर्णन नसते, चित्र नसते. तो एक नमुना असतो. नवी जात मांडताना लेखक एका नमुन्यावर बोट ठेवून म्हणतो: हे नाव याचे. त्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो संग्रहालयात जपून ठेवतात. जुन्या लेखकांनी अनेकदा असा एकच नमुना ठरवला नाही. पाच-दहा शंख समोर ठेवून एक नाव दिले. पुढे लक्षात आले की त्या दहांत दोन जाती मिसळल्या आहेत. तेव्हा नंतरच्या अभ्यासकाला त्यांतला एक निवडून सांगावे लागते की आजपासून नाव याच्यापाशी राहील. त्याला लेक्टोटाइप म्हणतात. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत हे सारे नियम आहेत, आणि नावांचा आरंभ लिनियस यांच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, १७५८ पासून, धरला जातो.

नवख्याला वाटते की टाइप म्हणजे त्या जातीचा उत्तम, आदर्श नमुना. तसे नसते. तो पुष्कळदा मोडलेला असतो, लहान असतो, त्याच्या ओठाचा तुकडा उडालेला असतो. त्याच जातीचे कितीतरी देखणे शंख नंतर सापडतात, तरी नाव त्याच्याकडेच राहते. तो सुंदर आहे म्हणून नाही. तो तेव्हा तिथे होता म्हणून. लग्नाच्या साक्षीदाराने रूपवान असायची गरज नसते. वाद निघाला तर त्याच्याकडे परत जाता आले पाहिजे, एवढीच अट.

या परत जाण्याला दिल्लीहून किती वाटा आहेत ते पाहा. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ अरियालूर आहे. आज तिथे सिमेंटचे कारखाने आहेत, कारण जमिनीत चुनखडी आहे, आणि चुनखडी आहे कारण क्रिटेशस काळात तिथे समुद्र होता. तिथले आणि पुदुच्चेरीजवळचे शंख प्रथम लंडनला गेले. एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ मध्ये त्यांची वर्णने छापली. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तो मुलूख पायी पालथा घालून नवे संग्रह केले, आणि कोलकात्यात फर्डिनांड स्टोलिच्का हा पंचविशी उलटलेला तरुण त्यांच्यापुढे बसला. दक्षिण भारतातल्या क्रिटेशस गोगलगायींवरचा त्याचा ग्रंथ १८६७-६८ मध्ये निघाला. आजही त्या खडकांतला शंख ओळखायचा तर तो ग्रंथ उघडावा लागतो.

पुढे हाच माणूस यारकंदच्या मोहिमेवरून परत येताना १९ जून १८७४ रोजी लडाखमध्ये मुर्गो येथे वारला. वय ३६. त्याचे थडगे लेहला आहे. समुद्राच्या तळाशी जगलेल्या जिवांना नावे देणारा माणूस समुद्रतळच उंचावून झालेल्या पर्वतांत विसावला आहे. त्याने हाताळलेले शंख कोलकात्यात, फोर्ब्सने हाताळलेले लंडनमध्ये, आणि नवा सापडलेला शंख दिल्लीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर. तिघे एक की वेगळे, हे ठरवायचे तर ग्रंथातले चित्र आरंभाला पुरते, शेवटाला पुरत नाही. शिलाछापाच्या चित्रकाराने मोडलेले टोक कदाचित अंदाजाने पुरे केले असेल. एखादी बारीक कड त्याला दिसली नसेल. म्हणून अर्ज करायचा, गाडीचे तिकीट काढायचे, आणि त्या एका कप्प्यापुढे जाऊन उभे राहायचे.

अशा कप्प्याची कल्पना करा. लाकडी खण सावकाश ओढला जातो. कापसावर, छोट्या पुठ्ठ्याच्या पेटीत, अंगठ्याएवढा शंख. अंगावर रंगाने घातलेला क्रमांक. खाली लेबल, तपकिरी पडलेले, बोरूच्या वळणाचे अक्षर. त्याच्याखाली आणखी जुने लेबल. चांगल्या संग्रहालयात जुने लेबल कधी टाकून देत नाहीत. नवे नाव लिहिले तरी जुना कागद त्याच पेटीत राहतो, त्यातली चूकसुद्धा. कारण ती चूक कुणी, केव्हा, काय पाहून केली, हेही पुढच्या माणसाला लागणार असते.

नावांचेही तसेच. लिनियस यांनी टर्बो या प्रजातीत घातलेली टेरेब्रा ही जात पुढे लामार्क यांच्या टरिटेला या प्रजातीत गेली. आज तिचे नाव लिहिताना लिनियस यांचे नाव कंसात घालतात. तो कंस सांगतो की या जिवाला ओळखले त्यांनी, फक्त त्याचे घर नंतर बदलले. घर बदलले तरी पहिल्या ओळखीचा मान काढून घेत नाहीत. प्रत्येक निबंधात जातीच्या नावाखाली आजवर कुणी, कोणत्या साली, कोणत्या पानावर तिला काय म्हटले याची यादी देतात. भाटांच्या वहीतली वंशावळच ती. आपला शब्द शेवटचा नाही, आधीच्या सगळ्यांच्या खाली लिहायचा एक शब्द आहे, हे त्या यादीत आपले नाव लिहिताना हाताला कळते.

ताडून पाहा

आणि नाहीच कळले तर?

त्यासाठी या शास्त्रात दोन छोटी अक्षरे आहेत: सीएफ. लॅटिन शब्दाचे ते लघुरूप आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘ताडून पाहा’. प्रजातीच्या आणि जातीच्या नावामध्ये ती लिहिली की वाचणाऱ्याला कळते: मला हा अमक्यासारखा वाटतो, पण माझ्या नमुन्याचा ओठ मोडला आहे, मी ठामपणे म्हणणार नाही, तुम्ही ताडून पाहा. जवळचा आहे पण वेगळा असावा, तर त्यासाठी दुसरी खूण आहे. प्रजाती कळली आणि जात नाही कळली, तर प्रजातीपाशी थांबायचे. प्रजातीचीच शंका असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह घालायचे.

पंचवीस वर्षे एकाच घराण्यावर काम केलेला माणूस छापील पानावर प्रश्नचिन्ह घालतो, हे मला फार मोठे वाटते. त्यात अज्ञान लपवलेले नाही आणि मिरवलेलेही नाही. जितके पाहिले तितकेच लिहिले आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या एका सुंदर तपकिरी दगडाला रत्नांच्या बाजारात ‘टरिटेला अगेट’ म्हणतात. दगडभर लांब निमुळते शंख आहेत. पण ते टरिटेला नाहीत, समुद्रातलेही नाहीत. ती तळ्यात राहणारी वेगळीच गोगलगाय आहे, एलिमिया टेनेरा. दिसायला टरिटेला, म्हणून कुणीतरी नाव ठेवले आणि ते चिकटले. वाढरेषा पाहायला कुणी थांबले असते, किंवा मध्ये ‘ताडून पाहा’ अशी दोन अक्षरे लिहिली असती, तर पुरले असते.

आता हातातल्या शंखाकडे पाहून मनात कुणाचे तरी नाव आणा. रोज भेटणाऱ्या माणसाचे. त्याच्यावर आपण ठेवलेले एखादे विशेषण आठवा: हट्टी, आतल्या गाठीचा, आळशी. त्या विशेषणाआधी ही दोन अक्षरे लावून पाहा. ताडून पाहा. कोणत्या प्रकाशात पाहिले होते? कसे धरले होते? त्याच्या टोकाकडचे वेढे आपण पाहिले होते का, की नुसत्या मोडलेल्या ओठावरून ठरवले? उत्तर लगेच द्यायचे नाही. प्रश्नचिन्ह तसेच राहू द्या.

कप्पा रिकामा झाला तर

२६ एप्रिल २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर मंडी हाउसजवळच्या फिक्कीच्या इमारतीत आग लागली. तिथे १९७८ पासून राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय होते. दिल्लीतल्या शाळांच्या कितीतरी पिढ्यांनी आयुष्यातला पहिला जीवाश्म तिथे पाहिला. सकाळी त्या रस्त्याने जाणाऱ्यांना काळ्या पडलेल्या खिडक्या दिसल्या. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर २०१८ ला, ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय रिओमध्ये जळाले.

नावाचा आधार असलेला नमुनाच नष्ट झाला आणि वाद सोडवायला त्याची गरज पडली, तर नियमाने दुसरा नमुना नेमता येतो. त्याला निओटाइप म्हणतात. पण तो शक्यतो त्याच गावाजवळचा, त्याच थरातला शोधावा लागतो. तो शोधणार कशावरून? कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेल्या एका ओळीवरून: अमुक गाव, अमुक ओढा, चुनखडीचा अमुक थर, अमुक दिवस. नमुना गेल्यावर ती ओळच रस्ता दाखवते. आणि नमुना शाबूत असून ती ओळ हरवली, तर तो कपाटातला शोभेचा दगड होतो. कुठे परत जायचे, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून शेवटी एक काम करा. मनातल्या मनात नको, हाताने करा.

कागदाचा छोटा तुकडा घ्या. पेन्सिलीने लिहा, कारण शाई पाण्याने पसरते. हा शंख कुठे मिळाला ते लिहा. किनाऱ्याचे नाव आठवत असेल तर नाव. नसेल तर जेवढे आठवते तेवढे, आणि बाकीच्यापुढे प्रश्नचिन्ह. साल आठवत नसेल तर मुलांना विचारा, बहिणीला फोन करा. ती सुट्टी कुणाला ना कुणाला आठवत असेल. कुणी उचलला ते लिहा. आज दिसलेले एक लक्षण लिहा: वेढे किती, कडा किती, तोंड कोणीकडे, टोक कसे. शंख कसा धरून उजवे-डावे म्हटले तेही लिहा. नावाची जागा कोरी ठेवली तरी चालेल.

मी माझा कागद लिहिला. ‘गुहागर. ओहोटीची वेळ. बहुधा मे महिना, साल ? टरिटेला, जात ? शेवटच्या वेढ्यावर दोन ठळक कडा. टोक मोडलेले. टोक वर धरल्यास तोंड उजवीकडे.’ घडी करून तो शंखाखाली ठेवला आणि डबी मिटली. बाहेर धुके थोडे वर गेले आहे. समोरच्या इमारतीचे आता चार मजले मोजता येतात.